मालक मॅरेथॉन पळून आले आणि आमच्या जिनिंगला 'मॅरेथॉन मोड' लागला

सरकीवाली (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, हिशेबाचं काम करते. काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) तपासणं, शेतकऱ्यांची पेमेंटं लावणं, गठाणींचं रजिस्टर, मजुरांची हजेरी, सगळं माझ्याच टेबलावर येतं. दिवाळी झाली की सीझन लागतो आणि मग मार्चपर्यंत डोकं वर काढायला फुरसत नाही. गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग, आवारात कापसाच्या गंज्या, आणि नाकात-केसात रुई. संध्याकाळी घरी गेले की आई दारातच म्हणते, आधी अंग झटक, मग आत ये.

तर यंदा जानेवारीत आमचे धाकटे मालक मुंबईला मॅरेथॉन पळून आले. आम्ही अभिनंदन केलं, पेढे खाल्ले, इथवर सगळं छान. पण तेव्हापासून ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी एक सुविचार येतो. 'थकवा पायांना येत नाही, मनाला येतो.' 'शेवटचे किलोमीटरच माणूस घडवतात.' सुविचारांवर भागलं असतं तर मी इथे लिहायला आले नसते. फेब्रुवारीची आवक जोरात आहे म्हणून त्यांनी मीटिंग घेऊन सांगितलं की आता आपण सगळे मॅरेथॉन मोडमध्ये. म्हणजे आठवड्याची सुट्टी महिनाअखेरपर्यंत बंद, चारचा चहा आपापल्या जागेवरच, आणि ज्याला घरी जायची घाई त्याच्याकडे 'चिकाटी नाही' असं सर्वांसमोर बोलणं.

परवा रात्री साडेआठला एका शेतकऱ्याची पट्टी बनली. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करताना काट्यावरच्या माणसानं मागच्या गाडीचा आकडा धरला. दोन क्विंटलांच्या वर फरक! शेतकरी खमका होता, त्यानं तिथंच पकडलं. काट्यावरचा माणूस वाईट नाही हो. सकाळी सातपासून उभा होता.

म्हणून विचारते. ज्यांनी खरोखर मॅरेथॉन पळली आहे त्यांनी सांगावं, नोकरीत लागू पडेल असं त्यात काही असतं का? की नुसतंच भिंतीवर लावायला? आणि असलं तर मालकांना मी काय सांगू? नोकरी सोडायची नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. गावाजवळ, बापूंना दवाखान्यात न्यायला सोयीची, अशी दुसरी मिळणार नाही.

पोट्टा वर्धेचा

पयले हे सांग, मालक कितीचं पळाले? ४२ चं, २१ चं, १० चं, का ड्रीम रन? मुंबईतला ड्रीम रन ५.९ किलोमीटरचा राहते. त्यात अर्धे लोक ढोल वाजवत अन् सेल्फी काढत चालतात. आमच्या हापिसात एक साहेब तेवढं करून आले, अन् आता ईमेलच्या खाली नावासमोर 'मॅरेथॉनर' लिहितात. कोणाची हिंमत नाही काही म्हणायची.

सरकीवाली

दहा. विचारलं नाही मी, फोटोत छातीवरच्या बिबवर लिहिलेलं दिसलं.

उपकेंद्रवाली सिस्टर (यवतमाळ जिल्हा)

दहा किलोमीटरची थट्टा करू नका रे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसानं तिशी-चाळिशीत उठून दहा किलोमीटर पळून दाखवावं, मग हसावं. मालकांचं पळणं खरं आहे. त्यातून त्यांनी जे गणित काढलं ते उलटं आहे.

मी आरोग्य सेविका. माझ्या उपकेंद्राखाली पाच हजारांच्या आसपास लोकसंख्या, काही गावं आणि कोलाम आदिवासींचे दोन पोड, म्हणजे वस्त्या. आधी नागपूरला २१ किलोमीटर पळाले, मग जानेवारी २०२४ मध्ये मुंबईला पूर्ण, ४२.१९५. वय तेव्हा बेचाळीस. मुलगा म्हणायचा, आई, वयाएवढे किलोमीटर तर होऊन जातील, पण वरच्या १९५ मीटरचं काय?

मुंबईच्या त्या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त काय दिसलं असेल तर टेबलं. दर दोन-तीन किलोमीटरला पाण्याचं टेबल, त्यामागे कॉलेजची पोरं बाटल्या हातात घेऊन उभी. मध्ये मध्ये मीठ-साखरेचं पाणी, पाठीवर स्प्रे मारणारे, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स. त्याशिवाय रस्त्यालगतच्या इमारतींमधली माणसं घरून केळी, चिक्की, संत्र्याच्या फोडी घेऊन खाली आलेली. हजारो लोकांना पळवायचं तर आधी कोणी तरी बसून कुठे काय ठेवायचं याचा नकाशा केलेला असतो. तिथे कोणी असं म्हणत नाही की थकवा मनाचा असतो, पाणी कशाला हवं. तुमच्या मालकांनी आल्या आल्या पहिलं काय केलं? चारच्या चहाचं टेबल उचललं!

आता शरीराचं सांगते, माझ्या धंद्यातलंच आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखर साठवलेली असते, ती साधारण तीस-बत्तीस किलोमीटरच्या पळण्याला पुरते. ती संपली की पळणारे म्हणतात भिंत लागली. पाय जड होतात, थंडी वाजल्यासारखं होतं, रडू येतं. ही भिंत लागल्यावर सुविचार म्हणून काही होत नाही. भूक लागायच्या आधीच थोडं थोडं गोड पोटात गेलेलं असलं तरच ती नरम पडते. मी कमरेच्या पाकिटात खजूर आणि गुळाचे खडे ठेवले होते, आणि एका छोट्या बाटलीत ओआरएस. एक पुडी एका लिटरला, जशी पोरांच्या जुलाबात सांगते तशीच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस तिथेच चक्कर येऊन पडतो, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम अंगावरच्या अंगावर सुकतो आणि त्यानंच गारवा मिळतो. मुंबईत तो सुकतच नाही, नुसता कोपरावरून गळत राहतो. जानेवारीत आमच्याकडे स्वेटर घालून पळायला निघणारी मी, तिथे वरळीपर्यंत ओलीचिंब झाले. म्हणून घरच्या वेगावर मी तिथे गेलेच नाही, पहिल्यापासून हळू ठेवलं.

पेडर रोडचा चढ त्या वर्षीच्या मार्गावर दोनदा होता. जाताना पहाटेच्या अंधारात लागतो तेव्हा कळतही नाही. येताना हाजी अली ओलांडल्यावर, पस्तीसच्या आसपास, तो पुन्हा समोर येतो. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल, त्यावरच खाली-वर करून मी सराव केलेला. तर त्या चढावर मी घड्याळात बघून हिशेब करत होते, बेचाळीसातून पस्तीस गेले, राहिले किती. उत्तर येईना! पोराच्या वजनावरून औषधाचा डोस तोंडी काढणारी बाई मी. मनात आकडे मांडत होते आणि ते निसटत होते. शेजारून एक पोरगी पळत होती, तिला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, मलाही येत नाहीये, चालत राहा."

तुझ्या काट्यावरचा माणूस रात्री साडेआठला त्याच चढावर उभा होता. त्याची चिकाटी कमी पडली नाही, त्याचा मेंदू थकला होता. याला उपाय दोनच: एक तर त्या तासाला तो हिशेब करूच नये, नाही तर दुसऱ्यानं बघावा. आमच्याकडे लसीकरणाच्या दिवशी शेवटच्या तासात कुप्यांची मोजणी मी एकटी करत नाही. आशा सेविका आकडा मोठ्यानं वाचते, मी लिहिते.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. आमच्या गावातले निवृत्त पीटीचे सर माझे गुरू. त्यांनी एकच मंत्र दिला होता: पहिले दहा किलोमीटर शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू, आणि लाज वाटली तरी हळूच. सुटल्या सुटल्या लोक असे धावतात की जणू गाडी चुकतेय. मरीन ड्राइव्हवर मला वाटेल त्यानं मागं टाकलं. सी-लिंकवर तर एरवी पायी माणसाला मनाईच, त्यामुळे तिथे वारा, समुद्र, उगवतीचा उजेड बघून सगळ्यांना जोर चढतो. मी सरांचं ऐकलं. त्यातली बरीच मंडळी मला नंतर शिवाजी पार्कपासून पुढे कंबरेवर हात ठेवून चालताना भेटत गेली.

आमच्या कामात हे रोज आहे. सत्राच्या सकाळी डीप फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक तसेच लस-डब्यात घालायचे नसतात. बाहेर ठेवायचे, कडेनं घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं तरच डब्यात. गाडी दारात उभी, पोडावर बाया खोळंबलेल्या, साहेबांचा फोन, आणि सिस्टर आईसपॅक कानाला लावून बसलेली. लोकांना वाटतं वेळ काढतेय. पण त्या घाईत पॅक भरले तर पेंटा, टीडी, हेपॅटायटिस बी गोठतात, आणि गोठलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच. नवीन सिस्टर येतात त्यांना मी आधी हे शिकवते, रजिस्टर नंतर. तुमच्या जिनिंगमध्येही सीझनच्या पहिल्या महिन्यात जे सगळ्यांनी दोन-दोन पाळ्या ओढून दाखवल्या असतील, त्याची वसुली आता फेब्रुवारीत चाललीय.

आणि तिसरं जे मला मिळालं ते पळण्यातून नाही, रजेतून मिळालं. जानेवारीत रजा म्हणजे आमच्याकडे पापच. पल्स पोलिओचा रविवार कधी येईल याचा नेम नसतो. त्या वर्षी तो ३ मार्चला आला म्हणून जमलं. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरनं माझं सत्र सांभाळायचं कबूल केलं, पण ती म्हणाली, तुझ्या डोक्यातलं मला कागदावर दे. लिहायला बसले. ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्यांची यादी, तर होतीच, पण त्याखेरीज वेचणीला बाहेरून आलेली कुटुंबं, कोणाच्या वावरात कोणती झोपडी, कुठल्या बाईला आठवा महिना, कोणतं पोर गोवर-रुबेलाचं राहिलंय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सगळं माझ्या जिभेवर होतं. लिहिता लिहिता तीन पानं झाली. मी आजारी पडले असते तर ती पोरं कोणाला सापडली असती? तेव्हापासून ती वही आशांकडे असते, आणि दर दिवाळीनंतर नव्यानं बनते. मुंबईचं मेडल कपाटात आहे. साहेबांनी आढावा बैठकीत दाखवली ती वही.

मालकांना काय सांगायचं? भांडू नको. कौतुकानं विचार की साहेब, तुम्ही सराव कसा केला, तो चार्ट मला दाखवाल का, मलाही पळायचंय. कोणताही बरा चार्ट घे, त्यात आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती लिहिलेलीच असते. आणि शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे पळणं वाढवत नाहीत, कमी करत आणतात. टेपर म्हणतात त्याला. त्यांच्या स्वतःच्या चार्टमध्ये ते असणार. बाकी ते हुशार असतील तर तुला बोलावं लागणार नाही.

मैदानावरचा

मी आमच्या गावच्या मैदानावर पोलीस भरतीचे पोट्टे अन् पोरी पळवतो. पोट्ट्याईले १६०० मीटर, पोरीईले ८००. सिस्टर म्हणतात ते हळू पळणं कोणाच्या गळी उतरवून दाखवा, मी शाल-नारळ देतो. पोरं रोजच्या रोज १६०० फुल जोरात मारतात, अन् मैदानी चाचणीच्या पंधरा दिवस आधी पायाची नळी धरून बसतात. मी आठवड्यातून दोनच दिवस जोरात पळवतो, बाकी दिवस गप्पा मारत. तर मायबाप म्हणतात, मास्तर पोराईले नुसता फिरवून आणते, फी कायची घेते?

पण एक गोष्ट सिस्टरच्या इरुद्ध बोलतो. मन काहीच नाही, असं म्हणू नका. माह्याकडे एक पोरगी होती, दोनदा भरतीत काही मार्कानं गेली. घरून लग्नाचा तगादा. तिसऱ्यांदा ती उभी राह्यली ते चार्टच्या भरवशावर नाही राह्यली. लागली ते वेगळं, पण उभी तर राह्यली. सुविचार वाईट नसते. तो कोण कोणाले सांगते, तेवढं पाहा. माह्या पोरीनं सोताले सांगितला, तुमचा मालक हजेरीवाल्याले सांगते.

अन् सरकीवाली ताई, मजुराईची आठवड्याची सुट्टी अन् ओव्हरटाईमची दुप्पट मजुरी हे कायद्यातलं हाय, कोणाच्या मोडमधलं नाही. हजेरी तुमच्याकडे हाय ना? मंग खरी लिहीत जा. जास्तीचे तास लिहून ठेवा, बाकी काही बोलू नका.

धुऱ्यावरून

सिस्टर, तुमचं सारं पटलं, एक सोडून. मॅरेथॉन पळणारा पैसे भरून पळते. नाही झेपलं तर मधात थांबते, बसमधी बसून परत येते. माह्या वावरात वेचणीले येणाऱ्या बाया किलोवर वेचतात. सकाऊन दव राहते, तवा ओला कापूस वेचला तर ओलावा वाढते. सीसीआय, म्हंजे सरकारचं कापूस महामंडळ, ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापते, १२ च्या वर गेला तर घेतच नाही. म्हणून दव सुकेपर्यंत बाया धुऱ्यावर (बांधावर) बसून राह्यतात, त्या बसण्याचे पैसे नाही, अन् मंग भर उन्हात हात चालवतात. मी बी कास्तकार हाय, मले बी पुरत नाही, म्हणून दर वाढवून देता येत नाही. तिले कोणता पेस, पळाचा वेग, सांगसान? अन् तिची फिनिश लाईन कोठी हाय?

उपकेंद्रवाली सिस्टर

भाऊ, तिला पेस सांगायचा मला अधिकारच नाही. ठरवून पळणं आणि पोटासाठी पळणं यात जो फरक आहे तो मी माझ्या लेखात गाळला, हे तुम्ही बरोबर पकडलं. टेबलाचं मात्र सोडत नाही. तुमच्या धुऱ्यावर झाकणाचा पिंप, एक वाडगं आणि लिंबाखालची सावली, इतकं तुमच्या हातात आहे. वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायांची तक्रार लघवीला जळजळ ही असते. दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण वावरात आडोसा नाही. एक साडीचा आडोसा बांधून दिला तर त्या पाणी पितील. हे मी चार कास्तकारांना सांगितलं, एकानं केलं. त्याच्या वावरात वेचायला बाया आपणहून येतात.

पोट्टा वर्धेचा

धाग्याची गाडी मॅरेथॉनवरून लघवीवर आली. मी थट्टा करणार होतो, पण माय घरी वेचणीलेच जाते, म्हणून गप बसलो. पिंप ठेवायले सांगतो आमच्या पाटलाले.

सरकीवाली

सगळ्यांचे आभार. चार-पाच दिवस लिहायला वेळ झाला नाही, कारण तुम्हाला माहीतच आहे.

सिस्टर, मी चार्ट मागितला. मालक खूश झाले, मोबाइलमधला काढून स्वतः दाखवला. सोमवारच्या रकान्यात 'विश्रांती', शुक्रवारच्याही. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं की साहेब, विश्रांतीच्या दिवशी नाही पळलं तर कमी नाही का पडत? तर त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं की स्नायू विश्रांतीतच भरून येतात. बोलता बोलता थोडे थांबले. मग 'हं' म्हणाले आणि फोन आला.

लगेच काही फार बदललं नाही. सुट्टी अजून बंदच आहे, रांग संपेपर्यंत राहील असं दिसतं. पण चारचा चहा कँटीनमध्ये परत सुरू झाला, आणि संध्याकाळी सातनंतरच्या काटापट्ट्या दोघांनी सही केल्याशिवाय पेमेंटला लावायच्या नाहीत हे मी मांडलं ते लगेच मान्य झालं. त्यात त्यांचाही फायदा आहे म्हणा, दोन क्विंटल कधी उलटेही चुकू शकतात. हजेरीत जास्तीचे तास वेगळ्या रकान्यात लिहायला लागलेय. मैदानावरच्या दादांचं ऐकलं. अजून कोणी विचारलं नाही.

ग्रुपवरचे सुविचार चालू आहेत. आजचा होता, 'वेदना तात्पुरती असते.' प्रेसवरच्या एकानं खाली लिहिलं, 'पगारही.' अख्खा दिवस लोक हसत होते, मालकांनीही हसण्याची खूण टाकली.

आता खरं सांगते, चार्ट मागताना 'मलाही पळायचंय' हे मी बहाणा म्हणून बोलले नव्हते. सीझन संपला की सुरू करावं म्हणते. सिस्टर, बूट कोणते घेऊ? आमच्या गावात बाई पळताना दिसली तर काय काय बोलतील कोण जाणे. आणि रस्त्यावर कुत्री फार आहेत.

उपकेंद्रवाली सिस्टर

अगं मग आधीच सांगायचंस!

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात, पळताना तसेच होतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. कंपनी आणि रंग बघू नको, दुकानातच चार पावलं पळून बघ. टोचलं तर परत ठेव, 'वापरून सैल होतील' असं दुकानदार म्हणेल, ऐकू नको. पावसाळ्यात मात्र पांदणीनं जाऊ नकोस. काळी माती तळव्याला अशी धरते की प्रत्येक बूट किलोभराचा होतो.

लोकांचं म्हणशील तर मी सलवार-कुर्त्यात सुरू केलं, ट्रॅकपँट खूप नंतर आली. पहिल्या दिवसांत दूधवाला गाडी थांबवून विचारायचा, सिस्टर, कोणाकडे डिलिव्हरी आहे का, सोडून देऊ? नंतर नंतर मी दिसले नाही तर तो घरी येऊन विचारायला लागला, बरं नाही का म्हणून. एकटी जाऊ नकोस, बहीण, मैत्रीण, कोणी तरी सोबत घे. राज्यमार्गावर हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतातच, घड्याळ-ॲप काही लागत नाही. एक दगड पळायचं, एक दगड चालायचं, महिनाभर इतकंच. समोरून येणारी गाडी दिसेल अशा, उजव्या बाजूनं जा. मार्च-एप्रिलमध्ये सुरू करशील तर सूर्य उगवायच्या आत घरात असलं पाहिजे. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको.

कुत्र्यांना बघून पळायचं नाही, थांबायचं. पाठ दाखवू नको. खाली वाकून दगड उचलल्यासारखं कर, बहुतेक तेवढ्यानंच मागे सरतात. चावलंच तर हळद, चुना, तिखट काही लावू नको. नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. लस तिथे फुकट आहे. खरचटलं तरी जायचं, रक्त आलं नाही म्हणून घरी बसू नको, आणि पुढच्या तारखा चुकवू नको. केंद्रात कोणी 'उद्या या' म्हटलं तर मला इथे मेसेज टाक.